जुईचं जावळ

माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला तुरुंगात गेलेलं बघायचं, एवढी एकच इच्छा धरून मी अख्खं वर्ष काढलं. त्या वर्षात मी त्यांना जेवायला वाढलं, त्यांच्या विनोदांना हसले, त्यांच्या वाढदिवसाला शर्टपीससुद्धा दिला. दाजींना अहोजाहो करायची जिभेला इतकी सवय आहे की मनातल्या शिव्याही मी त्यांना आदरानेच देते.

त्यांचं नाव रणधीर जामदार. आमच्या हिंगणखोरे गावातली सगळ्यात मोठी असामी. विजेवरच्या रिक्षा गावोगाव झाल्या तसे त्यांच्या म्हाताऱ्या झालेल्या बॅटऱ्यांचे ढीग लागले. त्या फोडून आतलं शिसं वितळवून विकायचा कारखाना दाजींनी गावाच्या वरच्या अंगाला टाकला. पर्यावरणाचं काम म्हणून त्यांचा सत्कारही झाला होता. बॅटऱ्या धुतलेलं आंबट पाणी शुद्ध करायला महागडं यंत्र लागतं. ते दाजींनी आणलं, तपासणीला येणाऱ्यांना दाखवलं आणि बंद ठेवलं. कारखान्यामागे त्यांनी एक खोल बोअर मारली होती. लोक बोअर मारतात ती पाणी वर घ्यायला. ही होती पाणी खाली ढकलायला. आमच्या भागात खाली काळा खडक आहे आणि त्याच्या भेगा कुणाची हद्द कुठे संपते ते विचारत नाहीत. कारखान्याचं पाणी उताराने येऊन आमच्या आळीच्या बोअरला मिळालं.

विरघळलेल्या शिशाला ना रंग, ना वास. पेलाभर पाण्यात ते डोळ्यांना दिसणारही नाही इतकं कमी असतं, पण रोज पोटात जातं, आणि आपलं शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत जपून ठेवतं. तिथून ते सवडीने रक्तात उतरतं, मूत्रपिंडं नासवतं, हातापायांच्या नसा मारतं. आईच्या बाबतीत ते पहिल्यांदा दिसलं दोरीवर. तिला साडी पिळता येईना. वाळत घातलेल्या साड्या ठिबकत राहायच्या आणि अंगणात चिखल व्हायचा. मग पोटात कळा आल्या, मग रक्त कमी झालं, मग सांगलीला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या. एका डॉक्टरांनी वयाला बोल लावला, दुसऱ्यांनी साखरेला. आई गेली तेव्हा तिची साठीही झालेली नव्हती.

वडील आधीच गेलेले आणि आम्हाला भाऊ नाही. मी आणि माझ्याहून मोठी केतकीताई, अशा दोघीच. ताईला गावातच दिली होती, डोळ्यांसमोर राहील म्हणून आई त्यावर फार खूश होती. आईला अग्नी दाजींनी दिला, दहाव्याला डोकं भादरून घेतलं, आणि जावई असावा तर असा म्हणून भावकी आठवडाभर त्यांचे गोडवे गात होती. मीही तेव्हा रडत रडत त्यांचे आभार मानले.

मी सांगलीला एका प्रयोगशाळेत केस वाचते. हे सांगितलं की लोक आपल्या डोक्यावर हात ठेवतात, पण गोष्ट साधी आहे. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. मुळाशी तो तयार होत असताना रक्तात जे असेल ते त्याच्यात अडकतं, आणि एकदा बाहेर आलं की तिथेच राहतं. म्हणजे केसाचं मूळ हा आजचा दिवस आणि टोक हा मागचा काळ. अडचण होती ती धुळीची, तेलाची आणि कलपाची, कारण ती बाहेरून चिकटतात आणि हिशेब चुकवतात. नव्या यंत्राने ती सोडवली. आम्ही त्याला फणी म्हणतो. फणी लेझरच्या बारीक किरणाने केसाची साल आधी जाळून टाकते, मग आतल्या गाभ्याची एकेका ठिपक्याने वाफ करते आणि त्या वाफेतल्या अणूंचं वजन करत पुढे सरकते.

शिशाचे अणू चार वजनांचे असतात. कुठल्या वजनाचे किती, हे प्रमाण खाणीप्रमाणे बदलतं, आणि दहा ठिकाणचं शिसं एकत्र वितळवणाऱ्या कारखान्याचं मिश्रण त्याचं त्यालाच असतं. त्यामुळे माणसाने कुठलं शिसं प्यायलं, कधी प्यायलं आणि किती, हे त्याच्या केसावरून सांगता येतं. नव्या कायद्यात कोर्टही ते मानतं.

आईला शेवटची आंघोळ घालताना मी तिच्या वेणीतली एक बट कापून घेतली होती. आठवण म्हणूनच घेतली होती. सांगलीला आल्यावर मात्र मला राहवलं नाही आणि मी ती फणीखाली ठेवली. टोकापासून मुळापर्यंत शिसं चढतच गेलं होतं, आणि त्याच्या अणूंचं प्रमाण दाजींच्या कारखान्याच्या, आमच्या प्रयोगशाळेत नोंद असलेल्या शिशाशी तंतोतंत जुळत होतं. ज्या माणसाने माझ्या आईला अग्नी दिला त्यानेच तिला मारलं होतं.

मी आळीतल्या लोकांना हळूच सांगितलं. त्यांनी आपापले केस दिले, तक्रार केली. मी घरची म्हणून नाव मागे ठेवलं. चौकशी आली तेव्हा दाजींनी हात जोडले. पाइप फुटला असेल, आम्हाला कल्पना नव्हती, असं म्हणाले. माझी बायको-पोर याच गावचं पाणी पितात, मी मुद्दाम असं करीन का, असंही म्हणाले आणि डोळे पुसले. त्यांनी बोअर बुजवली आणि घरोघरी फिल्टर वाटले. कायद्यात मोठा फरक आहे: नकळत झालं तर दंड, माहीत असून लपवलं तर सदोष मनुष्यवध. दाजींना दंड झाला. गावाने फिल्टरबद्दल त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या.

त्यांना आधीपासून माहीत होतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. ज्याला माहीत असतं तो स्वतःच्या घरी ते पाणी पीत नाही. त्या घरातलं पाणी कधी बदललं ते कळलं की काम झालं असतं. पण पुरुषांचे केस कापलेले, त्यात जेमतेम चार महिने सापडतात. ताईचे खांद्यापर्यंत होते, त्यांत फार तर दोन वर्षं. त्या दोन वर्षांचं उत्तर दाजींकडे तयार होतं: सासूबाई आजारी पडल्या तेव्हा मनात शंका आली आणि बाहेरचं पाणी घेतलं.

राहिली जुई, त्यांची मुलगी.

जुईच्या आधी ताईची दोन बाळंतपणं अर्ध्यावर वाया गेली होती. तिसऱ्या वेळी दाजींनी टेकडीवरच्या देवीला नवस बोलला, हे जगलं-वाचलं तर पाचव्या वर्षी जावळ देईन. तोवर पोरीच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. बाळाचे पोटातले केस बरेचसे गळतात, पण सगळे नाहीत. कधीच न कापलेला केस टोकाला निमुळता असतो, सूक्ष्मदर्शकाखाली तो लगेच ओळखू येतो. जुईच्या कमरेपर्यंतच्या केसांत पोटातल्या दिवसांपासूनचा सगळा काळ होता. दाजींनाही ते कळत होतं. फक्त त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं की अल्पवयीन मुलाचे केस आई किंवा वडिलांच्या सहीशिवाय कोर्टात चालत नाहीत. एकदा जेवताना त्यांनी मला चिडवलं.

"शलाका, आमच्या पोरीचे केस बघून तोंडाला पाणी सुटत असंल तुझ्या," ते म्हणाले. "पण सही लागती बरं का."

मी हसले आणि त्यांना आणखी भात वाढला.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात जावळ काढायचं ठरलं. नवस टाळायची दाजींची छाती नव्हती. बाकी सगळीकडे पोचलेला माणूस, पण दोन गेलेल्या बाळांनंतर देवीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि पहिली बट मामा कापतो. जुईला मामा नव्हता. दाजींनी चुलतभावाला बोलावलं होतं, पण ताईने हट्ट धरला की आईच्या माघारी माहेरचं म्हणून शलूच बसेल. भावकीतल्या बायकांनी तिला उचलून धरलं.

मी टेकडीवर देवळासमोर बसले, पदराची ओटी केली, जुईला मांडीवर घेतलं. तिने दुखेल का म्हणून विचारलं, मी नाही म्हणाले. मी पहिली बट मुळाशी कापली आणि ती माझ्या ओटीत पडली. मग न्हाव्याने पुढचं काम हातात घेतलं. दाजी तिथून हलले नाहीत. प्रत्येक केस त्यांनी परातीत गोळा करवला, स्वतः उचलून ओढ्याला नेला आणि वाहत्या पाण्यात सोडला. माझ्या ओटीकडे त्यांचं दोनदा लक्ष गेलं, मी पाहिलं. पण सगळी भावकी समोर बसलेली असताना मेहुणीच्या ओटीत हात घालणार कसा? बाई, तेवढी बट आण, असं म्हणायलाही त्यांची जीभ रेटली नाही. मी ओटी आवळून कमरेला खोचली आणि पुरणपोळीला बसले.

सांगलीला येऊन मी त्या बटेतले निमुळत्या टोकाचे केस निवडले. टोकाशी, म्हणजे जुई पोटात असताना, शिसं माझ्या आईच्या केसाइतकंच होतं. बाळ झाल्यावरही काही महिने तसंच. आणि मग वीतभर अंतराच्या आतच रेघ घसरत खाली गेली, शहरातल्या कुठल्याही पोराची असते तिथे जाऊन टेकली आणि पुढे मुळापर्यंत तिथेच राहिली. जुईचा पहिला वाढदिवस व्हायच्या आत त्या घरातलं पाणी बदललं होतं. आई त्यानंतर तीन वर्षं तेच पाणी पीत होती.

मला इतका आनंद झाला की मी कॅन्टीनला जाऊन दोन प्लेट शिरा खाल्ला. दुसऱ्या प्लेटच्या शेवटच्या घासाला एक गोष्ट डोक्यात आली आणि घास तसाच राहिला. दाजींनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतलेला नाही. बाळाची बाटली कोण भरत होतं?

त्याच आठवड्यात ताई आणि मी आईच्या घरी भेटलो. भांडी वाटून घ्यायची होती. दुपारची वेळ होती, जुई शेजारी खेळायला गेली होती. मी तो आलेख ताईसमोर फरशीवर ठेवला आणि रेघ जिथे घसरत होती तिथे बोट ठेवलं.

"हितं काय झालं, ताई?"

तिने कुठून आणलं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

"तिचं रक्त तपासलं होतं," ती म्हणाली. "पुण्याच्या डॉक्टरांनी."

मग तिने सगळं सांगितलं. पोर चिडचिडी झाली होती, वजन धरत नव्हती. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. घरी येताना गाडीत दाजींनी तिला बोअरचं सांगितलं, आणि कुणाकडे बोललीस तर आपण रस्त्यावर येऊ असंही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या गाडीत ताडपत्रीखाली मिरजेहून पाण्याचे जार यायला लागले.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई एकटी पिली असती व्हय ते? एक जार दिला असता तर तिनं सगळ्या आळीला बोलवून पाजला असता. मग लोकांनी इचारलं असतं, का म्हणून."

"म्हणून मरू दिलीस."

"मला वाटलं, ल्हान पोरांनाच बाधतंय. पहिल्या वर्षी वाटलं तसं. नंतर कळत होतं मला. तिच्या साड्या मीच पिळून देत होते की."

पितळेचा तांब्या माझ्या हाताशी होता. तो उचलून तिच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं, अगदी खरंच वाटलं, आणि मी हात मांडीखाली दाबून धरला. दाजींचा राग करणं सोपं होतं, तो माणूस परक्या घरातला. ही माझी बहीण होती. आम्ही एका पांघरुणात झोपलो होतो.

"माझी दोन गेली होती, शलू," ती म्हणाली. "तिसरी मी जाऊ दिली न्हाई. तू शिव्या घाल मला. पण परत तसंच झालं तर मी परत तसंच करीन."

सरकारी वकील बागवान मॅडमनी आलेख बघितला आणि चष्मा काढून ठेवला. पुरावा पक्का आहे, म्हणाल्या, पण जुईच्या आईची सही हवी आणि साक्ष हवी. ती सही करणार म्हणजे स्वतः लपवल्याचं कबूल करणार. तिला माफीचा साक्षीदार करावं लागेल, ती सुटेल. सही नसेल तर ही बट म्हणजे नुसते केस, आणि दोघंही सुटतील. मी म्हणाले, मला दोघं हवेत. त्यांनी चष्मा परत लावला.

"तुम्हाला खटला जिंकायचाय की सूड घ्यायचाय?"

"सूड," मी म्हणाले.

"मग कायदा तुम्हाला तो अर्धाच देईल. घ्यायचा असेल तर घ्या."

मी घ्यायचा ठरवलं. ताईकडे गेले आणि गोड बोलले नाही. म्हटलं, सही देणार नसशील तर हा आलेख मी उद्या दूध डेअरीच्या भिंतीवर लावते. चोरून वाचल्याबद्दल मला शिक्षा होईल, होऊ दे. आळीतल्या निम्म्या बायकांच्या हातांत आज त्राण नाही, दोघी आईसारख्याच गेल्या. त्यांच्या पोरांना कळू दे की जामदारांच्या सुनेला माहीत होतं. मग तू जुईला घेऊन शाळेपर्यंत चालत जाऊन दाखव. ताईचा चेहरा उतरत गेला आणि मी तो उतरताना बघत होते. मला बरं वाटत होतं.

सही केली तर माझं काय, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं. नवरा आत गेल्यावर घरावर टाच येणार होती, म्हणून तिने एक मागणं केलं. मला आणि जुईला आईच्या घरात येऊन राहू दे, म्हणाली. ये, म्हणाले मी. तेव्हा तिने काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

खटला फार चालला नाही. पडद्यावर जुईच्या केसाचं टोक मोठं करून दाखवलं, सुईसारखं निमुळतं, आणि न्यायाधीशबाईंनी ते दोनदा बघायला मागितलं. दाजींच्या वकिलाने बट मी चोरलेली म्हणून खूप आदळआपट केली. मग ताई उभी राहिली आणि मुलीची आई म्हणून संमती आहे, असं म्हणाली. जार कधीपासून आले, ताडपत्री कुठल्या रंगाची होती, गाडी कोण चालवायचं, तिने सगळं सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. तेवढा वेळ दाजी तिच्याकडे बघत होते आणि मी दाजींकडे. दहा वर्षं सक्तमजुरी झाली. बाहेर नेताना ते माझ्यापाशी थांबले.

"देवीचं जावळ होतं ते," म्हणाले. "देवी बघून घेईल तुला."

"तिनंच दिलं मला, दाजी," मी म्हणाले.

सूड घेऊन काही मिळत नाही, असं लोक सांगतात. मला मिळालं. आई गेल्यापासून मला अंगाला अन्न लागत नव्हतं, ते लागायला लागलं. मी सांगलीची खोली सोडून आईच्या घरी राहायला आले आणि तिथून एसटीने कामावर जाऊ लागले. गावाला नदीवरून नवी नळयोजना आली. तिचं पाणी फणीच्या प्रयोगशाळेत तपासून येतं, ते मीच तपासते. इतकं स्वच्छ पाणी हिंगणखोऱ्याने कधी प्यायलं नसेल.

ताई चैत्रात आली. घरावर टाच आली होती, सामान गेलं होतं. स्टँडवरून भर उन्हात चालत आली, एका हातात जुई, दुसऱ्या हातात पिशवी. रस्त्यात कुणी तिच्याशी बोललं नसावं. ती येऊन ओसरीवर टेकली. तोंड लालबुंद झालं होतं, ओठ सुकले होते. मीटर बघायला आलेल्या माणसालाही आम्ही आधी पाणी विचारतो.

जुईने पाणी मागितलं. मी आत जाऊन माठातून गार पाण्याचा पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. पोरगी घटाघटा प्यायली. अर्धा पेला राहिला तेव्हा तिने तो आईपुढे धरला, आणि ताईने हात पुढे केला.

मी जुईच्या हातातून पेला घेतला आणि आत नेऊन ठेवला. परत येऊन ताईला सांगितलं की तुमची खोली मागची, अंथरूण घातलेलं आहे.

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. माठ कुठे असतो ते तिला माहीत होतं, ती त्याच घरात वाढली होती. उठून घेतलं असतं तर मी अडवलं नसतं. ती उठली नाही. मीही विचारलं नाही.